चौदा मिलिमीटरचं पाप

बँकेत कॅशवर बसणाऱ्या माणसाला जगात दोनच अवस्था ठाऊक असतात. कॅश जुळली, किंवा कॅश जुळली नाही. दहा रुपये कमी पडले तर ते शोधायचे, सापडले नाहीत तर खिशातून भरायचे, आणि घरी उशिरा पोचून ते दहा रुपये कुठे गेले हे बायकोलाही समजावून सांगायचं. अशा माणसाच्या हाती परवा लेव्हलिंगची पट्टी आली.

त्याचं असं झालं, पावसाळ्यात आमच्या तळमजल्यावर पाणी शिरतं. नाल्यापर्यंत गटार काढायचं ठरलं. नाला २५० मीटरवर. उतार किती मिळतो ते आधी मोजायला हवं. तळमजल्यावरच्या काकूंचा मुलगा नुकताच सिव्हिलचा डिप्लोमा झालेला. त्याने कुठूनशी तिपाई आणि लेव्हल आणली. पट्टी धरायला माणूस हवा होता, आणि रविवारी सकाळी खाली उतरलेला बिनकामाचा माणूस मीच होतो.

"काका, फाटकाची पायरी १०० मीटर धरू."

"कशापासून १००?"

"कशापासूनच नाही. नुसतं धरायचं."

आमच्याकडे ओपनिंग बॅलन्स असा नुसता धरला तर माणूस सस्पेंड होतो! पण घरी जाऊन वाचलं तर मोठ्यांचंही तसंच. खऱ्या उंच्या सरासरी समुद्रसपाटीपासून मोजतात. सर्व्हे ऑफ इंडियाने १९०९ साली त्यासाठी ९ बंदरं घेतली. कराची, मुंबई, कारवार अशी ती पार पूर्व किनाऱ्यापर्यंत. समुद्राची सरासरी पातळी सगळीकडे काही तंतोतंत एकाच उंचीला नसते. तरी नवांच्या नवांना शून्य! उरला तो फरक मधल्या मोजणीने मुकाट्याने पोटात घातला.

बाकी हिशेब म्हणजे आमचं जमा-नावेच. उंची माहीत असलेल्या जागेवर पट्टी धरायची, दुर्बिणीतून दिसेल तो आकडा मिळवायचा. हा बॅकसाइट. पुढच्या जागेवरचा आकडा वजा करायचा. तो फोरसाइट. मग पट्टी तिथेच राहते आणि दुर्बीण पुढे जाते. पट्टीने मात्र तसूभर हलायचं नाही. हे त्याने मला दोनदा बजावलं आणि खूण करायला खडूही दिला.

नाल्यापर्यंत गेलो, मोजत परत फाटकाशी आलो. पायरी निघाली १००.०१४. आम्ही फिरून येईपर्यंत पायरी १४ मिलिमीटर वर आली होती!

मी हादरलो. हा मजेत. त्याने सगळे बॅकसाइट मिळवले, त्यातून सगळे फोरसाइट वजा केले. बरोब्बर ०.०१४.

"म्हणजे बेरीज-वजाबाकी बरोबर आहे," तो म्हणाला. "रीडिंग बरोबर आहेत असं नाही." मग २४ मिलिमीटर गुणिले किलोमीटरचं वर्गमूळ असा काही हिशेब करून अर्ध्या किलोमीटरला १७ पर्यंत फरक चालतो असं सांगितलं. तो अंतराच्या प्रमाणात वाटून टाकायचा. अर्ध्या वाटेवरच्या नाल्याच्या वाट्याला ७ आले. नाल्याची काही तक्रार नव्हती.

माझी झोप मात्र गेली. कारण तिसऱ्या मुक्कामी गॅसचा टेंपो आला होता. मी बाजूला झालो, टेंपो गेल्यावर पट्टी पुन्हा त्याच दगडावर ठेवली. बहुधा त्याच. खडू खिशात होता.

रात्री मी स्वतःची वकिली केली. गटाराला पुरा मीटरभर उतार मिळतोय, त्यात ७ मिलिमीटर कोण विचारतो? शिवाय फरक मर्यादेत आहे. पण खिशातून दहा रुपये भरतो तेव्हा कॅश जुळते, गेलेले दहा रुपये काही सापडत नाहीत. फक्त तिथे भुर्दंड मला पडतो. इथे माझा टेंपो सगळ्या निरपराध दगडांत वाटला गेला होता. आणि पाणी ज्याच्या आईच्या स्वयंपाकघरात शिरतं, त्यानेच तो वाटला होता.

सकाळी खाली जाऊन सांगून टाकलं.

तो रागावला नाही. हेच जास्त लागलं. म्हणाला, "काका, त्रुटी वाटता येते, चूक नाही वाटता येत. पुढच्या रविवारी पुन्हा करू."

पुढच्या रविवारी मी प्रत्येक मुक्कामी खडूने स्वस्तिक काढल्यासारखी खूण केली. दोन स्कूटरवाल्यांच्या शिव्या खाल्ल्या, पण हललो नाही. परत फाटकाशी आलो. फरक निघाला १६ मिलिमीटर.

"दोन वाढले?" माझा आवाज रडवेला झाला.

"मागच्या वेळी तुमच्या चुकीने दुसरं काहीतरी झाकलं असेल," तो म्हणाला, आणि १६ चे हिस्से वाटायला बसला.

तेवढ्यात सेक्रेटरी दूध घेऊन आले. वहीत डोकावले. "मागच्या रविवारी चौदा होते ना? चांगले होते की! तेच का नाही ठेवलेत?"

मी खडूचे हात पँटला पुसले आणि पट्टी मिटायला घेतली.