नळापासून सुरुवात

मुळशीत न्हाणीघराचं काम काढायचं तर दिवाळीनंतर. ताम्हिणीकडून उतरणारा पाऊस चार महिने भिंतीत मुरलेला असतो आणि ओल्या भिंतीवर घाईनं लादी चढवण्यात शहाणपण नाही. समजा, तुमच्या जुन्या घरातली लादी फोडून झाली आहे, राडारोडा गेला आहे आणि मिस्त्री उद्या सकाळी येणार आहे. आजची संध्याकाळ त्या उघड्या भिंतीसमोर काढा. पाट घ्या, बसा. नवी लादी कोणत्या रंगाची, हा विचार थोडा वेळ बाजूला राहू द्या.

भिंतीत काय काय आहे ते एकेक करून बघा. शॉवरच्या डायव्हर्टरची गरम-गार पाण्याची तोंडं. वर गिझरचे दोन पॉइंट. बेसिनखाली अँगल कॉक, कमोडशेजारी आणखी एक. खाली कोपऱ्यात नहाणी ट्रॅप. बादलीचा नळ जमिनीपासून बरोबर बादलीइतक्या उंचीवर, कारण कधीकाळी कुणीतरी बादली ठेवून ती उंची ठरवली होती. पाइप भिंतीच्या पोटात आहेत; यातलं एकही तोंड चार बोटं सरकवायचं तर भिंत खोदा, जोड तोडा, नवे जोड द्या. आणि प्रत्येक नवा जोड म्हणजे गळतीची एक नवी जागा.

हे सगळं नव्या लादीच्या आधी आलेलं आहे. ते मनाशी मान्य करा. घाई नको, यालाच वेळ द्या.

आता ठरवा की मांडणी कुठून सुरू करायची. बरेच जण दाराकडच्या कोपऱ्यातून अख्खी लादी लावत निघतात आणि नळ जिथे येईल तिथे भोक पाडतात. माझं मत उलटं आहे. डायव्हर्टरच्या मध्यातून ओळंबा सोडा आणि भिंतीवर पेन्सिलीनं उभी रेघ मारा. त्या रेघेवर एक तर लादीचा मध्य येईल, नाहीतर दोन लाद्यांचा सांधा. दोन्ही चालतं. एक बाय दोन फुटांच्या लाद्या जमिनीवर कोरड्याच ओळीनं मांडा, स्पेसरची जागा सोडा आणि कोपऱ्यापर्यंत जा. शेवटी काप केवढा उरतो? बोटभर पट्टी उरत असेल तर मध्याऐवजी सांधा रेघेवर घ्या. पट्टी अर्ध्या लादीनं रुंद होईल. मग बाकीचे पॉइंट तपासा. एखाद्या पाइपचं तोंड लादीच्या कडेपासून दोन सुतांवर येत असेल, तर भोक आणि कड यांमधली ती बारीक चीप कटरखाली टिकणार नाही. मांडणी आत्ताच थोडी सरकवा. जमिनीवर लादी सरकवायला काही खर्च येत नाही.

भोक पाडताना मिस्त्रीजवळ उभे राहा. शेजारच्या बसलेल्या लादीच्या कडेपासून पाइपच्या मध्यापर्यंतचं अंतर आडवं मोजायचं, मग उभं, आणि गुण्या लावून लादीवर फुली काढायची. डायमंडचा होल सॉ चकचकीत लादीवर सरळ टेकवला तर घसरतो. म्हणून तो आधी तिरका धरतात, चंद्रकोरीएवढी खाच पडली की हळूहळू सरळ करतात. वरून पाण्याची धार चालू. दाब कमी, फिरणं जास्त. शेवटच्या क्षणी तर हात जवळजवळ उचललेलाच हवा, नाहीतर मागची बाजू टवकते. भोक पाइपपेक्षा थोडं मोठं, पण फ्लँजच्या आत मावेल एवढंच. पाइपच्या तोंडात डमी बसवलेली आहे ना, तेही बघा. आत सिमेंट गेलं तर पुढं नळ अडतो.

लादीला एल आकाराचा काप द्यायचा असला तर आणखी एक गोष्ट. आतल्या कोपऱ्यात दोन रेघा टोकदार भेटल्या की तडा तिथूनच जातो. जाणता मिस्त्री आधी त्या कोपऱ्यात लहानसं गोल भोक पाडतो आणि मग दोन्ही बाजूंनी काप आणून त्या भोकाला भिडवतो. ताण एका टोकावर न साचता गोलाईवर पसरतो. हे बघत राहा. एक लादी पूर्ण होईपर्यंत दुसरं काही बोलू नका.

मुळशीत बसून 'आधी काय होतं' असा विचार करू लागलं की मन धरणाकडे जातंच. मुळा आणि निळा नद्यांच्या खोऱ्यात टाटांच्या वीज योजनेसाठी धरण ठरलं, तेव्हा ५२ गावांच्या जमिनींचा प्रश्न उभा राहिला. १६ एप्रिल १९२१ ला, रामनवमीला, मावळातल्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह सुरू केला. पां. म. बापट इथेच 'सेनापती' झाले, विनायकराव भुस्कुटे त्यांच्यासोबत होते. लढा १९२४ पर्यंत चालला आणि धरण झालं. नळाची आणि गावाची बरोबरी मी करत नाही. गावात माणसं होती, देवळं होती, पिढ्यांची भातखाचरं होती. पण कागदावर नवी आखणी करताना आधीपासून असलेल्याकडे कसं बघितलं जातं, हा प्रश्न मला दोन्हीकडे दिसतो. मुळशीत जागा ठरली ती पाण्यासाठी. माणसांनी उठावं, असं गृहीत धरलं गेलं. त्या खोऱ्यातला पाऊस मुळेतून पूर्वेकडे, भीमेकडे निघालेला असायचा. धरणानं तो अडवला आणि बोगद्यातून सह्याद्रीखाली भिऱ्याच्या वीजघरात सोडला. तिथून तो कुंडलिकेतून अरबी समुद्राला मिळतो. घरातला दिवा लावताना मी हे विसरू शकत नाही, आणि विसरू नये असंच मला वाटतं.

पाण्याचा उतार ठरवणं ही मोठी जबाबदारी आहे. तुमच्या न्हाणीघरात ती तुमच्याकडे आहे. फरशीचा उतार सगळ्या बाजूंनी नहाणी ट्रॅपकडे हवा, साधारण शंभराला एक: आठ फुटांत जेमतेम इंचभर. ट्रॅप आधीच्याच जागी असल्यामुळे उंच कडा कुठे आणि खोल जागा कुठे, हे त्यानंच ठरवलेलं आहे. वॉटरप्रूफिंग झालं की ट्रॅप बंद करून किमान २४ तास पाणी कोंडून ठेवा आणि खालच्या खोलीचं छत बघा. छत कोरडं असेल तरच लादी.

कमोड काढता येत असेल तर काढून घ्या. लादी त्याच्या बुडाखालून जाऊ द्या. काढता येत नसेल तर पुठ्ठ्याचा साचा करून बुडाचा वळसा लादीवर उतरवा, सूतभर फट ठेवा आणि ती सिमेंटनं न भरता सिलिकॉननं भरा. माणूस बसला की कमोड किंचित हलतो. सिमेंटला ते सोसत नाही, सिलिकॉनला सोसतं. कोपऱ्यात जिथे भिंत फरशीला भेटते, तिथेही सिलिकॉनच.

आता फरशी बसते आहे. प्रत्येक लादीवर पाणसळ ठेवून बुडबुडा ट्रॅपच्या उलट्या बाजूला सरकतो का ते बघा. एखाद्या लादीवर तो मध्येच थांबला, तर त्या जागी पाणी साचणार. हातोडीच्या लाकडी दांड्यानं हलकेच ठोकून आवाजही ऐका. पोकळ वाजली तर खाली माल कमी आहे. अशी लादी लगेच उचलायला सांगा. संध्याकाळपर्यंत माल धरलेला असेल, मग ती फोडूनच काढावी लागेल.