मोडता येत नाही तो नियम

अमेरिकेच्या बहुतेक राज्यांत मोटरसायकलस्वाराने गाड्यांच्या दोन रांगांमधून पुढे जाणे हा गुन्हा आहे. कॅलिफोर्नियात मात्र कित्येक दशके तो ना गुन्हा होता, ना हक्क. कायदा गप्प होता आणि लोक जात होते. 2013 साली तिथल्या महामार्ग पोलिसांनी काही सूचना छापल्या: वाहतूक ताशी 30 मैल किंवा त्याहून वेगात असेल तर रांगांमधून जाऊ नये, बाजूच्या गाड्यांपेक्षा 10 मैलांहून जास्त वेग नको. पोलिसांनी रीतसर प्रक्रियेशिवाय नियम केले, असा आक्षेप आला आणि 2014 मध्ये त्या सूचना मागे घ्याव्या लागल्या. पुढे आमदार बिल क्वर्क यांच्या विधेयकाच्या मसुद्यात वेगाची मर्यादा होती. 2016 मध्ये मंजूर झालेल्या कायद्यात ती उरली नाही. कृतीची व्याख्या तेवढी राहिली, आणि सुरक्षिततेच्या सूचना तयार करण्याचा पोलिसांचा अधिकार.

आधी लोकांची रीत, मग अभ्यास, मग कायदा. धर्मशास्त्राच्या वाचकाला रीतीचे हे महत्त्व अनोळखी नाही. श्रुती, स्मृती, सदाचार आणि आत्मतुष्टी अशी धर्माची चार प्रमाणे मनुस्मृती सांगते. पां. वा. काणे यांनी आपल्या धर्मशास्त्राच्या इतिहासात त्यांची सविस्तर चर्चा केली आहे. लिखित आज्ञा नसेल तिथे चांगल्या माणसांचे वागणे पाहावे, आणि तेही पुरेसे नसेल तर स्वतःच्या अंतःकरणाला विचारावे. पण अंतःकरण ताशी 60 मैलांच्या वेगात काय सांगेल?

म्हणून अभ्यास महत्त्वाचा. बर्कलीच्या संशोधकांनी अपघातात सापडलेल्या जवळजवळ सहा हजार मोटरसायकलस्वारांची माहिती तपासली. 2015 मध्ये त्यांचा निष्कर्ष आला: वाहतूक ताशी 50 मैलांच्या आत असेल आणि स्वार इतरांपेक्षा 15 मैलांहून अधिक वेगात नसेल, तर रांगांमधून जाणे तुलनेने सुरक्षित आहे. डोक्याला इजा झालेल्यांचे प्रमाणही अशा स्वारांत कमी आढळले.

मग हा आकडा यंत्रातच का बसवू नये?

हा प्रश्न समजून घ्यायला माळ्यावरचा जुना व्हिडिओ गेम उपयोगी पडतो. निन्टेन्डोचा फॅमिकॉम 1983 मध्ये जपानमध्ये आला. त्याच्या नकला नव्वदीच्या दशकात भारतातल्या घरोघरी पोचल्या. आज कुणी तो खोका खाली काढतो, कॅसेटवर फुंकर मारतो, नव्या टीव्हीला वायर जोडायची जागा शोधतो. मारिओ धावू लागतो आणि एक विसरलेली गोष्ट लक्षात येते: 1985 च्या त्या खेळात पडदा फक्त पुढे सरकतो. मागे पडलेले नाणे मागेच राहते. हा नियम कडक आहे, पण तो पाळण्याचे श्रेय मारिओला कुणी देत नाही. त्याला दुसरे काही करताच येत नाही.

गोट्या खेळणाऱ्या मुलाचे तसे नसते. ज्याँ पियाजे यांनी 1932 च्या पुस्तकात मुलांच्या नीतिबुद्धीचा अभ्यास मांडला, तो गोट्यांच्या खेळापासून सुरुवात करून. लहान मुलाला नियम वडीलधाऱ्यांकडून आलेला आणि अटळ वाटतो. मोठ्या मुलाला कळते की तो आपण सर्वांनी मिळून मान्य केला आहे, म्हणूनच तो पाळायचा. गोटी बोटाने हळूच सरकवता येत असूनही जो सरकवत नाही, त्याच्या त्या न सरकवण्याला नैतिक अर्थ आहे.

रस्ता आता त्या खोक्याच्या दिशेने निघाला आहे. युरोपीय संघात जुलै 2024 पासून प्रत्येक नव्या मोटारीत वेगमर्यादा ओळखून चालकाला सावध करणारी यंत्रणा सक्तीची आहे. चालक ती झुगारू शकतो. उद्या झुगारता आली नाही तर? जीव वाचत असतील तर त्याचे स्वागतच करावे. माणसाचा सद्गुण सिद्ध व्हावा म्हणून कुणाचा बळी जाणे समर्थनीय नाही.

पण गाड्यांच्या रांगांमधल्या अरुंद पट्टीत आकड्यांपलीकडचे बरेच काही घडते. कॅलिफोर्नियात मोटरसायकलस्वाराला मुद्दाम अडवणे किंवा त्याला रोखायला दार उघडणे बेकायदा आहे. आरशात त्याला पाहून गाडी वीतभर बाजूला घ्यावी, असे मात्र कुठलेच कलम सांगत नाही. तरीही अनेक चालक तसे करतात, आणि स्वार हात उंचावून किंवा पाय किंचित बाहेर काढून आभार मानतो. अनोळखी माणसांमधला हा व्यवहार सक्तीने घडवता येत नाही. तो सवयीतून, वर्षानुवर्षे, येतो.

त्यामुळे कॅलिफोर्नियाने आकडे कायद्याबाहेर ठेवले ते योग्यच झाले. तिथे रीत आधीच रुजली होती. तशी जुनी रीत नसलेल्या युटाने 2019 मध्ये थांबलेल्या गाड्यांमधून, तेही ताशी 15 मैलांपर्यंतच, जाण्याची मुभा दिली, हेही तितकेच योग्य. मिनेसोटात 1 जुलै 2025 पासून परवानगी मिळाली आहे: वेग 25 मैलांच्या आत, आणि इतरांपेक्षा 15 मैलांहून जास्त नाही.