गादी नसलेल्या राज्याचे वारस

इसवी सन 68 च्या 9 जूनला नीरोने स्वतःच्या गळ्यावर खंजीर चालवला आणि रोमने वर्षानुवर्षं झाकून ठेवलेला प्रश्न उघडा पडला. आता पुढे कोण? नीरोला मूल नव्हतं. घराण्यातले दावेदार पुरुष त्याने एकेक करून आधीच संपवले होते.

वारस नसणं ही मात्र अर्धीच अडचण. वारस ठरवणारा कायदाच रोमकडे नव्हता, आणि तो असणार तरी कसा? इसवी सनपूर्व 27 मध्ये ऑगस्टसने सिनेटपुढे प्रजासत्ताक परत दिल्याचं जाहीर केलं होतं. सत्ता सगळी त्याच्या मुठीत, पण पदवी ‘पहिला नागरिक’ एवढीच, कारण राजा हा शब्द रोमन कानांना शिवीसारखा. जी गादी आहे असं कबूलच करायचं नाही, तिचा वारस कायद्यात कुठे लिहिणार? नीरोच्या क्रौर्यापेक्षा या सभ्य खोटेपणाला मी पुढच्या रक्तपातासाठी अधिक जबाबदार धरतो.

कायद्याने मोकळी सोडलेली जागा फौजेने भरली. नीरोची साथ सोडावी म्हणून शरीररक्षकांना, नीरोनंतर सम्राट झालेल्या गाल्बाच्या नावाने, माणशी 30,000 सेस्टर्स कबूल झाले होते. सत्तरी ओलांडलेल्या, करड्या शिस्तीच्या गाल्बाने ते दिले नाहीत. 69 च्या 1 जानेवारीला ऱ्हाईनकाठच्या सैनिकांनी त्याच्या नावाची शपथ नाकारली आणि दुसऱ्या दिवशी कोलोनमध्ये आपला सेनापती विटेलियस याला सम्राट केलं. गाल्बाने घाईघाईने पिसोला वारस म्हणून दत्तक घेतलं. त्या जागेवर डोळा ठेवून बसलेला ओथो पाचव्या दिवशी उठला, सोबत 23 सैनिक. त्याच दिवशी गाल्बाचं शिर भाल्यावर फिरलं. ‘खुनात माझाही हात होता, इनाम मिळावं’ असे 120 हून अधिक अर्ज ओथोकडे आले. ते पुढे विटेलियसच्या हाती लागले आणि त्याने सगळे अर्जदार शोधून मारले. गाल्बाची कणव त्यात नव्हती. सम्राट मारून बक्षीस मिळवण्याची वहिवाट पडू नये, एवढंच.

एप्रिलमध्ये बेड्रियाकमला विटेलियसच्या फौजेकडून हार झाल्यावर, लढायला फौज शिल्लक असतानाही, ओथोने जीव दिला. आपल्यापायी आणखी माणसं मरू नयेत म्हणून. त्याच्या आयुष्यातलं हे एक कृत्य मला मोठं वाटतं. पण 1 जुलैला अलेक्झांड्रियातल्या फौजेने पूर्वेकडचा सेनापती व्हेस्पासियन याच्या नावाने शपथ घेतली आणि ऑक्टोबरात क्रेमोनापाशी रोमन रोमनांशी रात्रभर लढले.

त्या रात्रीची एक हकीकत रोमन इतिहासकार टॅसिटसने नोंदवली आहे. स्पेनचा एक माणूस घरी लहान मुलगा ठेवून फौजेत गेला होता. मुलगा मोठा होऊन वेगळ्याच पलटणीत भरती झाला. क्रेमोनाला त्याने शत्रूचा एक शिपाई पाडला, अंग चाचपलं, तेव्हा ओळख पटली. बापाची धुगधुगी अजून होती. प्राण जाताच मुलाने त्याला मिठी मारली, क्षमा मागितली आणि तिथेच खड्डा खणून पुरलं. कृष्णाच्या कुळाचा प्रभासक्षेत्री आपसांत झालेला संहार ज्यातून आठवतो, तो ‘यादवी’ हा आपला शब्द इथे तंतोतंत बसतो. भोवतालच्या शिपायांनी युद्धाला शिव्याशाप दिले आणि मेलेल्या आप्तांना लुटणं चालूच ठेवलं. क्रेमोना शहर चार दिवस जळत होतं.

डिसेंबरात कॅपिटोल टेकडीवरचं जुपिटरचं देऊळ जळालं. 20 तारखेला विटेलियस मारला गेला आणि दुसऱ्या दिवशी सिनेटने व्हेस्पासियनला सम्राटाचे अधिकार दिले. त्याने मात्र आपल्या राज्याचा पहिला दिवस 1 जुलै धरला. सिनेटचा दिवस बाजूला पडला, छावणीचा उरला. इतकी स्वच्छ कबुली ऑगस्टसने कधी दिली नव्हती.

त्या अधिकारांचा कायदा कोरलेला काशाचा पत्रा आज रोमच्या कॅपिटोलाइन संग्रहालयात आहे. हा कायदा होण्यापूर्वी व्हेस्पासियनने जे जे केलं, ते जनतेच्या हुकमानेच झालं असं मानावं, असं एक कलम त्यात आहे. पत्र्याचा सुरुवातीचा भाग हरवला आहे. हे कलम शाबूत आहे.