मासळीची परीक्षा आणि कागदाची

‘मी कोण?’ हा प्रश्न रमण महर्षींनी साधकांना आत वळून विचारायला लावला. साधकाचं ठीक आहे. मी ठाण्यात राहणारी बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या यहुदी समाजातली बाई. आमच्या समाजाला हा प्रश्न एकांतात विचारण्याची सवड कधी मिळालीच नाही. उत्तर दरवेळी शेजाऱ्यांनी दिलं, आणि मुलूख बदलला की तेही बदललं.

कोकणात आम्ही ‘शनिवार तेली’. घाण्यावर तेल काढायचं आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचा, म्हणून गावानं दिलेलं हे नाव. नवगावच्या किनाऱ्याला जहाज फुटून सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, ही आमची मूळकथा. पोथ्या समुद्रात गेल्या. सुंता, शनिवार आणि ‘शेमा’ची प्रार्थना राहिली. बाकी सगळं कोकणानं दिलं. आडनावं पेणकर, रोहेकर, किहीमकर. अब्राहमचा आबाजी झाला, सॅम्युएलचा सामाजी. पुरीमला आजी ‘होळीचा सण’च म्हणायची. मांसाबरोबर दूध-दही चालत नाही, म्हणून तिच्या मटणाला नारळाचं दूध. धर्माचा नियम तिनं वाडीतल्या नारळावर निभावून नेला.

मग दाविद रहाबी नावाचा परदेशी यहुदी आला. त्यानं आमच्या बायकांपुढे मासळीची पाटी ठेवली, असं सांगतात. बायकांनी खवले आणि पर असलेले मासे तेवढे निवडले, बाकीचे बाजूला सारले. तोरा या आमच्या धर्मग्रंथाचा नियम तोच. रहाबी म्हणाला, तुम्ही आमचेच. आपली परीक्षा चालली आहे, याचा त्या बायकांना पत्ताही नव्हता; रोज करायच्या तेच त्यांनी केलं.

दुसरी परीक्षा कागदाची झाली. 1948 नंतर समाजातले बहुतेक जण हळूहळू इस्राएलला गेले. तिथल्या मुख्य रब्बींच्या कार्यालयानं 1962 मध्ये फर्मान काढलं: बेने इस्रायलींचं लग्न लावण्याआधी आई, आजी आणि जमेल तितक्या मागच्या पिढ्या तपासा. पेण-रोह्याच्या पणजीचा दाखला कुठून आणायचा? लोक रस्त्यावर उतरले, जेरुसलेममध्ये धरणं धरलं. 1964 मध्ये तिथल्या संसदेनं हे सर्वार्थानं यहुदीच आहेत असं जाहीर केलं, तेव्हा वाद निवळला. इथे ज्यांना ‘इस्राएल’ म्हणत, ते तिथे ‘इंडियन’ ठरले. माझ्या मावसबहिणीनं अश्दोदला घर घेतलं तेव्हा मलिदा केला: भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वर फळं. शेजारणीनं विचारलं, हा कुठला हिंदू प्रसाद?

रब्बींच्या फर्मानाचा संताप आमच्या घराघरात आहे. पण तोच प्रश्न आम्हीही विचारत आलो, हे क्वचितच बोललं जातं. आमच्यात ‘गोरे इस्राएल’ आणि ‘काळे इस्राएल’ असे दोन थर होते. काळ्यांची आई परधर्मीय होती, असं गोरे म्हणायचे आणि त्यांच्याशी सोयरीक करत नसत. शनिवार दोघांचा एकच, उपास एकच, शेमा एकच. तरी हिशेब आईच्या रक्ताचा. ज्या जातिव्यवस्थेत आम्ही तेली म्हणून सामावलो, तिचं वळण आमच्या मशिदीतही, म्हणजे सिनेगॉगमध्येही, शिरलं.

तत्त्वज्ञ मार्टिन बूबरनं 1923 च्या ‘मी आणि तू’ या पुस्तकात सुटा ‘मी’ मानलेलाच नाही. समोरच्याला ‘तू’ म्हणणारा मी निराळा, त्याला वस्तूसारखं मोजणारा मी निराळा. रहाबी पाटीजवळ बसला. कार्यालयानं फाइल उघडली. दोघेही परीक्षकच, पण एकानं माणसं काय पाळतात ते पाहिलं आणि दुसऱ्यानं ती कुणाच्या पोटची हे विचारलं. ओळख समाज घडवतो, हे मला मान्य आहे. म्हणूनच तिची जबाबदारीही समाजावर येते. तेव्हा आमच्या माणसांना माझं एवढंच सांगणं: पुढची सोयरीक जुळवताना ‘मूळचे कुठल्या घरातले?’ हा प्रश्न आपणच आधी बंद करू या.