कवडसा गोल का?

मे महिन्यात सोलापूरच्या पोरांना दिवसभर एकच वाक्य ऐकावं लागतं: उन्हात जाऊ नकोस. पारा चाळिशी ओलांडून बसलेला, त्यामुळे सांगणाऱ्याचं काही चुकत नाही. पण एवढं ऊन पदरात असलेल्या गावातल्या मुलाची प्रकाशाशी पहिली ओळख होते ती पुस्तकातल्या ‘प्रकाश सरळ रेषेत जातो’ या ओळीतून. ओळ खरी आहे. मात्र ते उत्तर आहे, आणि प्रश्न अजून कुणाला पडलेलाच नाही.

प्रश्न पत्र्यातून पडतो. पत्र्याला गंजून पडलेलं बारीक भोक वाकडंतिकडं असतं, खाली फरशीवर कवडसा मात्र गोल. मुलाला एवढंच दाखवावं आणि गप्प बसावं. (मोठ्यांना गप्प बसणं जमत नाही, ही या प्रयोगातली खरी अडचण.) मग पुठ्ठ्याला तिकोनी भोक पाडून बघू दे, चौकोनी पाडून बघू दे. कागद पुरेसा लांब धरला की कवडसा गोलच, कारण ते भोकाचं नव्हे, सूर्याचं चित्र आहे. सूर्य स्वतःच्या व्यासाच्या साधारण 108 पट दूर आहे. म्हणून भोकापासून नऊ फुटांवर, म्हणजे 108 इंचांवर, किरणांसमोर सरळ धरलेल्या कागदावर तो जेमतेम इंचभर भरतो. शाळेच्या पट्टीनं सूर्य मोजायचा, आणि तोही त्याच्याकडे एकदाही न बघता. तसं बघायचं नसतंच. कवडशाचा हा प्रश्न ॲरिस्टॉटलच्या नावावरच्या ग्रंथात आहे आणि सतराव्या शतकाच्या सुरुवातीला केप्लरही त्यात डोकं घालून बसला होता. आपल्या नातवाला आठ दिवस द्यायला काय हरकत आहे?

पूर्व भागातल्या यंत्रमागाच्या शेडमध्ये कवडशाचा अख्खा दांडा दिसतो, कारण हवेत सुताची धूळ तरंगत असते. हवा स्वच्छ असती तर प्रकाश डोळ्यांसमोरून आडवा गेला तरी कळला नसता. हे सांगण्यापेक्षा घरी सतरंजी झटकून दाखवावं.

आणि चादर तर घरोघरी आहेच. रस्त्याकडच्या खिडकीवर सोलापुरी चादर दुहेरी टांगून मधोमध भोकाचा पुठ्ठा बसवला, की समोरच्या भिंतीवर कडुलिंब उलटा उभा राहतो आणि रिक्षा चाकं वर करून धावते. या प्रयोगाला बाहेर रणरणतं ऊन लागतं. त्याची आपल्याकडे वाण नाही.

सोलापूरचा अक्षांश सुमारे 17.7 अंश उत्तर. त्यामुळे 11 मेच्या आसपास, दुपारी 12 वाजून 22-23 मिनिटांनी, सरळ उभ्या बाटलीची सावली तिच्या बुडाखाली गडप होते. नेमकी तेव्हा शाळेला सुट्टी. दुसरी संधी ऑगस्टच्या सुरुवातीला, साडेबाराच्या सुमारास; त्या वेळी शाळा भरलेली असते, पण आभाळही. पर्जन्यछायेत राहतो म्हणून आपण वर्षभर कुरकुरतो. त्या दुपारी तेवढ्याच भरवशावर पटांगणात बाटली उभी करून ठेवावी.