आणून सोडीन

गेल्या जूनमध्ये भोकरदन तालुक्यातल्या एका वस्तीवर बारावी झालेल्या मुलीचा फॉर्म भरत बसलो होतो. उत्पन्नाचा दाखला डोळ्यांजवळ धरून वाचत होतो, तेवढ्यात तिनं विचारलं, "आजोबा, तुम्हाला यात काय भेटतं?" आमच्याकडे पैसे भेटतात, नोकरी भेटते, ताप आला तर गोळीसुद्धा भेटते. मी म्हणालो, चहा भेटतो. ती हसली. पण मी पोस्टात 38 वर्षं काढलेला माणूस. संध्याकाळी हिशेब जुळला नाही तर मला जेवण जात नाही.

आम्ही तिघं औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयाचे जुने विद्यार्थी, तिघंही पेन्शनर. बारावीचा निकाल लागला की पंधरा दिवस गावोगाव फिरायचं, आपल्या पोरांना नागसेनवनातल्या कॉलेजांत, पुढं विद्यापीठात चला म्हणायचं आणि कागद जमवून द्यायचे. जातीचा दाखला, पडताळणी, महाडीबीटीवरचा शिष्यवृत्तीचा अर्ज, होस्टेल नाही मिळालं तर स्वाधार योजनेचा अर्ज. ज्या विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव मिळावं म्हणून 1978 ते 1994 अशी सोळा वर्षं माणसं लढली, घरं जळाली, जीव गेले, तिथं शिकायला चला म्हणून आज दारोदार सांगावं लागतं. वाळूजच्या कारखान्यांत ठेकेदाराकडे कामाचे पैसे महिन्याला हातात पडतात. बी.ए.चे कधी पडतील ते मला सांगता येत नाही, आणि खोटं मी सांगत नाही.

मलाही असंच कोणीतरी नेलं होतं. साल 1973. दुष्काळ. आई रस्त्याच्या कामावर खडी फोडायची. मॅट्रिकची परीक्षा देऊन मीही तिथंच; मस्टरवर माझं नाव होतं. घरात मिलो ज्वारीच्या लाल भाकरी. एक दिवस मिलिंदचा एक विद्यार्थी सायकल ढकलत कामावर आला. टायर पंक्चर होतं. वडील म्हणाले, पोरगं गेलं तर हजेरी बुडती. त्यानं भाषण केलं नाही. एवढंच म्हणाला, "एकदा येऊन बघू द्या त्याला. नाही जमलं तर मीच आणून सोडीन."

वंदनेत धम्माचं एक विशेषण येतं, एहिपस्सिको. या आणि पाहा, असा ज्याचा बाणा तो. लहानपणापासून तो शब्द तोंडात होता. अर्थ त्या पंक्चर सायकलवाल्यानं दाखवला. विश्वास ठेव म्हणाला नाही, बघ म्हणाला. वर परतीची जबाबदारी घेतली. आमच्या तिघांपैकी एकाचा नातू हल्ली बॅनर घेऊन येतो, पोरांना रांगेत उभं करून फोटो काढतो आणि याला 'भरती मोहीम' म्हणतो. मी त्याला सांगितलं, भरती पोलिसांची असते.

तो सायकलवाला वर्षभरात शिकून निघून गेला. पुढं मी आयुष्यभर दुसऱ्यांचे पत्ते वाचले, त्याचा मात्र लागला नाही. मनीऑर्डरचा घेणारा पत्त्यावर सापडला नाही की पैसे पाठवणाऱ्याकडे परत यायचे. माझं देणं असंच फिरून फिरून माझ्याकडेच येत राहिलं.

पण देणं म्हणजे कसलं? जुन्या धर्मात देवऋण, ऋषिऋण, पितृऋण अशी ऋणं जन्मतःच माणसाला चिकटतात. माझा जन्मच 1956 चा. त्या साली 14 ऑक्टोबरला नागपुरात बाबासाहेबांनी बावीस प्रतिज्ञा दिल्या. श्राद्ध आणि पिंडदान करणार नाही, ही त्यांतली एक. म्हणजे ते खातं आम्ही बंद करून टाकलं. मग दान म्हणावं का? दान ही पारमिता, मान्य. पण त्या मुलीसमोर दाता म्हणून बसायचं म्हटलं की खालची खाटच टोचायला लागते. आणि मोठी अडचण पुढंच आहे. कायमचा आत्मा बुद्धानं मानलाच नाही. खडी फोडणारा तो पोरगा आणि हा बीपीची गोळी घेणारा म्हातारा एकच नसतील, तर त्याचं देणं मी का फेडायचं?

मिलिंद राजानं भिक्खू नागसेनाला जवळजवळ हेच विचारलं होतं. आमच्या कॉलेजला नाव प्रश्न विचारणाऱ्याचं आहे. उत्तर देणाऱ्याचं नाव भोवतालच्या वनाला. मला हे फार आवडतं. नागसेनानं दिव्याचा दाखला दिला: पहिल्या प्रहरातली ज्योत आणि शेवटच्या प्रहरातली ज्योत तीच नव्हे, पण वेगळीही नव्हे. दिव्यापेक्षा मला त्याचा आंबेचोर जवळचा वाटतो. पकडला गेल्यावर चोर म्हणतो, मालकानं पेरले ते आंबे निराळे, मी तोडले ते निराळे. तरी तो सुटत नाही, कारण तोडलेले आंबे पेरलेल्यांतूनच आलेले असतात. पहिल्या तारखेला पेन्शन घेताना मी 'तो पोरगा वेगळा होता' म्हणत नाही. मग फेडायच्या वेळी कसं म्हणू?

पण फेडायचं कुणाला? 1913 साली बाबासाहेब बडोद्याच्या सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेले, तेव्हा बडोद्यात दहा वर्षं नोकरी करायचा करार होता. 1917 ला ते बडोद्याला आले. राहायला जागा मिळेना. पारशांच्या धर्मशाळेत उतरले, तर तिथून लाठ्या घेऊन आलेल्यांनी बाहेर काढलं. मुंबईला परतावं लागलं. ती दहा वर्षं बडोद्याला मिळाली नाहीत. 1950 साली त्यांनी औरंगाबादेत आमचं कॉलेज सुरू केलं, तिथं मला त्यांचा जमाखर्च दिसतो. हे इतिहासकार मान्य करतील न करतील, पोस्टातल्या माणसाला पटतं.

इथपर्यंत हिशेब जुळला असता. पण चार वर्षांपूर्वी एका हुशार मुलाला मी हौसेनं लांबच्या शहरात, एका नावाजलेल्या कॉलेजात घातलं. तिथं त्याच्या बोलण्याची नक्कल व्हायची. खोलीतल्या मुलांनी आडनावावरून जात काढली आणि पाण्याचा जग वेगळा ठेवला. दिवाळीआधी त्याचा फोन आला, बाबा, नाही जमत. मी आठवडाभर त्याला फोनवर धीर देत राहिलो, बाबासाहेबांचे दाखले देत राहिलो. मग मला सायकलवाल्याचं दुसरं वाक्य आठवलं, आणि लाज वाटली. एसटीनं गेलो, त्याची पेटी उचलली, घरी आणून सोडला. त्याच्या आईनं मला पाणी दिलं. बोलली काहीच नाही.

नेलेल्या मुलांची नावं मी एका वहीत लिहितो. कोणी तलाठी झालं, कोणी नर्स, एक मुलगी विद्यापीठात पीएच.डी. करते आहे. त्या मुलाचं नाव मात्र दोन वर्षं लिहिलं नव्हतं. तोही आंबा मीच पेरलेला. आता लिहिलं आहे, वाळूजच्या कंपनीच्या नावासकट.

फॉर्म भरलेल्या त्या मुलीला प्रवेश मिळाला. तिच्या प्रश्नाचं उत्तर मी अजून तिला दिलेलं नाही. आमच्या तिघांतला एक जण फेब्रुवारीत गेला. गाडी तोच चालवायचा. नागसेनवनात शिकलेलं कोणी हे वाचत असेल, तर जूनमध्ये चार दिवस काढा. मोटारसायकल असली तर बरं, माझे गुडघे आता साथ देत नाहीत. चहा भेटेल.