सैनिकामागे राहिलेली



खडकीच्या पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटरमध्ये १९७४ पासून पाठीच्या कण्याला इजा झालेल्या जवानांचा सांभाळ होतो. ७ डिसेंबरच्या ध्वजदिनी आपण सैनिकांसाठी निधी देतो, ते योग्यच. पण सैनिक देवाघरी गेल्यावर वृद्धाश्रमात एकटी उरलेली त्याची पत्नी? प्रेषितांची कृत्ये, अध्याय ६ मध्ये रोजच्या अन्नवाटपात विधवांची उपेक्षा झाली, तेव्हा प्रेषितांनी नुसते सांत्वन केले नाही, सात माणसे नेमली. कुटुंब निवृत्तिवेतनाचे कागद, दरवर्षीचा हयातीचा दाखला (जिवंत असल्याचेही सिद्ध करावे लागते!) हे थकलेल्या म्हातारीला एकटीने झेपत नाही. आशागड परिसरातली किंवा आपल्या नात्यातली अशी आजी कुठल्याही आश्रमात असेल, तर मिस्सानंतर आम्हांला सांगा. आपण तिच्यासोबत बँकेत जाऊ.